अर्ध्या झाडावरून उतरलो, दुसऱ्याने ते काम पूर्ण केलं. मी चुकलो का?

शेंडा_ते_बुंधा (धागाकर्ता)

झाडावर चढून छाटणी-तोडणी करायच्या कामात मला अकरा वर्षं झाली. काम अर्धवट टाकून उतरलो ते आजवर तीनदा. पहिल्या दोन वेळा वाऱ्यामुळे, त्यावर कुणी काही बोललं नाही. तिसरी वेळ गेल्या आठवड्यातली. ती डोक्यातून जात नाहीये, म्हणून हा धागा.

झाड निलगिरीचं, साधारण २२ मीटर. ९ मीटरवर बेचकं आणि तिथून दोन खोडं सरळ वर गेलेली. एक हिरवं, एक पार वठलेलं. वठलेलं खोड छपराकडे झुकलेलं, तेच तुकड्यातुकड्यांनी उतरवायचं होतं. खालून नीट पाहिलं. बुंध्याभोवती मातीला भेगा नाहीत, मुळं उचललेली नाहीत. हिरव्या खोडाच्या फांदीवरून दोर टाकला, मी आणि मदतनीस दोघं एकदम त्याला लोंबकळलो. काही हललं नाही. चढलो.

बेचक्याशी पोचलो तर मागच्या अंगाला, खालून दिसूच शकत नव्हतं अशा जागी, तळहाताएवढ्या तीन कडक अळंब्या. फळ्या ठोकल्यासारख्या, एकीखाली एक. त्यांच्याजवळची साल आत दबलेली. हातोडीने ठोकून पाहिलं. वरच्या बाजूला टणटण, बेचक्याच्या खाली हातभर नुसता ढब्ब आवाज. तिथेच हार्नेसमध्ये बसून राहिलो, पाच-सात मिनिटं असतील. वठलेले तुकडे दोराने सोडायचे म्हणजे कप्पी हिरव्या खोडाला बांधायची, म्हणजे सगळे हिसके त्याच बेचक्याला. उतरलो.

मालकांना सांगितलं, यावर चढून काम होणार नाही, बूम लिफ्ट (माणसाला पाळण्यात बसवून वर उचलणारं यंत्र) आणावी लागेल. त्यांचा चेहरा उतरला. परतताना मदतनीस म्हणाला, "दादा, एवढं काही नव्हतं हो." तिसऱ्या दिवशी दुसरा एक जण आला, चढला, दुपारपर्यंत वठलेलं खोड जमिनीवर. त्याला खरचटलंसुद्धा नाही. मालकांनी मला फोटो पाठवला. खाली एक अक्षर नाही, फक्त स्मायली.

माझा अंदाज चुकला, की मी घाबरलो? की दोन्ही नाही?

स्पष्टवक्ता

राग मानू नका, पण उत्तर फोटोतच आहे. काम होण्यासारखं होतं, म्हणून झालं. अकरा वर्षांनी माणूस सावध होतो, कधीकधी जरुरीपेक्षा जास्त होतो. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, पण त्याला अनुभव म्हणू नये.

वाचनमात्र

वाचतेय.

जुना दोर

स्पष्टवक्ता, तुमच्या हिशोबाने मी सात वर्षं महाहुशार होतो. सुरुवातीला मी वर चेनसॉ चालवताना एकाच दोरावर असायचो. खोडाभोवती दुसरा पट्टा घ्यायचा तो सारखा मध्ये येतो, हालचाल अडते, म्हणून घेतच नव्हतो. शेकडो झाडं केली, काही झालं नाही. आठव्या वर्षी एका साध्या, अगदी सोप्या झाडावर साखळी दोराला चाटून गेली. दोराचं वरचं विणलेलं आवरण फाटलं, आतला गाभा तेवढा राहिला. त्या गाभ्यावर मी खाली आलो. आता तुम्ही सांगा, मी चूक कधी केली? आठव्या वर्षी, की पहिल्या दिवशी?

दुसरा माणूस सुखरूप उतरला याचा मला आनंद आहे. पण त्याने त्या अळंब्या पाहिल्या का? पाहून हिशोब करून चढला, की पाहिल्याच नाहीत? हे कळल्याशिवाय त्या फोटोचा अर्थ फक्त एवढाच, की त्या दिवशी ते बेचकं टिकलं.

आणि शेंडेबुवा, एक गोष्ट तुझ्यासाठी. दोघं दोराला लोंबकळलात ते चांगलं केलंत, कितीतरी जण तेवढंही करत नाहीत. पण त्या परीक्षेत झाडाला प्रश्न काय विचारला ते बघ. "दोन माणसांचं वजन, संथपणे, सरळ खाली, पेलशील का?" (दोराचं दुसरं टोक बुंध्याला बांधलेलं असेल तर फांदीवर त्याच्या दुप्पट भार येतो, म्हणजे परीक्षा जरा कडक झाली.) झाड म्हणालं, हो. काम मात्र वेगळं होतं. ४० सेंटिमीटर जाडीचा २ मीटर ओंडका म्हणजे पाव घनमीटर लाकूड. ओलं असतं तर दोनशे-अडीचशे किलो, वठलेलं म्हणून त्याहून कमी धर. तो कप्पीच्या वरून सुटतो, खाली येतो आणि दोर त्याला झेलतो, तेव्हा त्याच्या वजनाच्या कितीतरी पट हिसका बसतो. तोही तिरका. तो प्रश्न तू झाडाला विचारलाच नव्हतास. वर बसल्यावर ते तुझ्या लक्षात आलं आणि तू उतरलास. याला मी घाबरणं म्हणत नाही.

एक_खारुताई

जुन्या दोरकाकांना +१. "आठव्या वर्षी, की पहिल्या दिवशी" हे लिहून ठेवलं.

खालचा माणूस

मी वर चढत नाही, खाली दोर धरतो. त्यामुळे माझा प्रश्न खालूनच येणार. तुमचा मदतनीस चढू शकतो का? त्याच्याकडे स्वतःचा हार्नेस, दोर होता का? वर तुम्हाला चक्कर आली असती, फांदीचा फटका बसला असता, मधमाश्या उठल्या असत्या, तर तुम्हाला खाली कोण आणणार होतं?

हार्नेसमध्ये हालचाल न करता लटकलेल्या माणसाचं रक्त पायांत साचत जातं आणि काही मिनिटांतही शुद्ध हरपू शकते. बाहेरून मदत येईपर्यंत तेवढा वेळ नसतो. मी ज्या टोळीत काम करतो तिथे दुसरा चढणारा माणूस, त्याच्या सामानासकट, झाडाखाली असल्याशिवाय पहिला जमीन सोडत नाही.

शेंडा_ते_बुंधा (धागाकर्ता)

नाही, तो चढत नाही. दोर धरतो, फांद्या ओढतो. दुसरा हार्नेस गाडीत होता, पण तो घालणारं कुणी नव्हतं.

हे लिहिताना कसंतरीच वाटतंय. आठवडाभर मी उतरलो ते बरोबर की चूक यावर डोकं शिणवतोय, आणि चढलो ते बरोबर होतं का हा प्रश्न मनाला शिवलाही नाही.

खालचा माणूस

तसंच होतं. वरच्या भीतीला आवाज असतो, ढब्ब असा. खाली राहून गेलेल्या गोष्टीला आवाज नसतो.

ढोली

मी झाडांची तपासणी करते, चढणं आता फारसं होत नाही. अळंब्यांबद्दल थोडं लिहिते, कारण "झाड वरून हिरवं होतं" हे वाक्य मी फार वेळा ऐकलं आहे.

झाडाची जखम आपल्या कातडीसारखी भरून येत नाही. ॲलेक्स शायगो नावाच्या अमेरिकी संशोधकाने चेनसॉने हजारो खोडं उभी चिरून हे दाखवलं. त्यांची या विषयावरची प्रसिद्ध मांडणी १९७७ ची. झाड कुजलेला भाग बरा करत नाही, त्याभोवती भिंती घालून तो कोंडून ठेवतं आणि बाहेरून नवं लाकूड वाढवत राहतं. म्हणून साल हिरवीगार, पालवी भरघोस आणि आत पोकळी, हे सगळं एकाच वेळी असू शकतं. पाणी आणि अन्न वाहतं ते बाहेरच्या थरांतून. गाभा कुजला तरी पानांना ते कळत नाही.

कडक, फळीसारखी अळंबी म्हणजे बुरशीचं फळ. ते बाहेर दिसतं तेव्हा बुरशी आत पुष्कळ काळ मुरलेली असते. आणि दोन खोडांच्या अरुंद बेचक्यात बऱ्याचदा साल आतल्या आत दाबली जाते, तिथे लाकडाला लाकूड जोडलेलंच नसतं. दबलेली साल, अळंबी आणि ढब्ब आवाज, तिन्ही हातभर अंतरात असतील तर मीही उतरले असते.

स्पष्टवक्ता

ढोलीताई, माहिती चांगली आहे. पण पोकळ झाडं शेकडो वर्षं उभी असतात. पोकळ दिसलं की उतरा, असं म्हणायला लागलो तर या धंद्यात कुणी जुन्या झाडावर चढणारच नाही. उंटावरून शेळ्या हाकणं सोपं आहे.

ढोली

मुद्दा रास्त आहे, शेळ्या सोडून. :)

क्लाउस मॅटहेक या जर्मन संशोधकाचा एक ठोकताळा तपासणीत वापरतात. खोडाच्या त्रिज्येच्या साधारण ३० टक्के जाडीची चांगली भिंत शिल्लक असेल तोवर पोकळ खोडही बराच भार पेलतं. म्हणजे ५० सेंटिमीटर व्यासाच्या खोडाला साडेसात सेंटिमीटर. यावर वादही आहेत. पण तो ठोकताळा वाऱ्यात उभ्या असलेल्या झाडाचा, आणि तोही भिंत चहूबाजूंनी सलग असेल तर. एका बाजूने चिरलेल्या, बेचक्याशी कुजलेल्या आणि वर माणूस, कप्पी, ओंडके टांगलेल्या खोडाला तो लावता येत नाही. झाड उभं राहणं आणि झाडाने आपल्याला कामाला आधार देणं यांत फरक आहे. पहिलं ते स्वतःसाठी करतं, त्याची त्याला सवय असते.

मेलेल्या झाडांचं तर आणखी वेगळं. उत्तर अमेरिकेत २००२ मध्ये डेट्रॉइटजवळ ॲश या तिकडच्या जातीची झाडं पोखरणारा एमराल्ड ॲश बोरर हा भुंगा सापडला, तिकडे युरोपात ॲशवर बुरशीचा रोग पसरला. ही झाडं मेल्यावर इतकी ठिसूळ होतात की शक्य तिथे चढूच नका, लिफ्टने काम करा, असं तिथले जाणकार सांगतात. तिथे कुणी त्यांना भित्रं म्हणत नाही.

कड्यावरचा

मी डोंगरवाला, झाडवाला नाही. आमच्यात परत फिरायची वेळ निघण्यापूर्वी ठरवतात. १० मे १९९६ ला एव्हरेस्टवर दुपारी दोनच्या सुमारास परत फिरायचं बोलणं झालेलं असताना काही जण त्यानंतरही वर जात राहिले. वादळ आलं, आणि त्या दोन दिवसांत आठ जण गेले. शिखर समोर दिसत असताना घेतलेला निर्णय आपला नसतो, शिखराचा असतो.

जुना दोर

एव्हरेस्ट इथेही आलंच का. :)

पण मुद्दा घेतो. फरक एवढाच, की डोंगरावर घड्याळ बघून फिरता येतं. झाडावर घड्याळाचं काम हात करतात. बोटांत गोळे यायला लागले, एकच गाठ दुसऱ्यांदा बघावी लागली, खालच्याने काय सांगितलं ते दोनदा विचारावं लागलं, की माझ्यापुरती वेळ भरली. पाणी प्यायलो, दहा मिनिटं बसलो आणि तरी तसंच असेल, तर नवीन काप सुरू करत नाही. शेवटचा एकच तुकडा राहिलाय हे वाक्य तर मी तोंडातून काढू देत नाही, स्वतःच्याही नाही.

एक_खारुताई

एक विचारू का? मी नवीन आहे, दीड वर्ष झालं. मला प्रत्येक झाडावर भीती वाटते. अगदी ४ मीटरवरही. मग उतरायची भीती कोणती आणि गिळायची कोणती हे कसं ओळखायचं?

शेंडा_ते_बुंधा (धागाकर्ता)

खारुताई, माझी पद्धत सांगतो. भीतीला विचारायचं, बोट कुठे दाखवतेस? तिने एखाद्या वस्तूकडे बोट दाखवलं, चीर, आवाज, वारा, वीजतार, झिजलेली गाठ, तर ती माहिती आहे, तिच्यावर निर्णय घ्यायचा. नुसतं पोटात गोळा आणि बोट कुठेच नाही, तर थांबायचं, श्वास घ्यायचा, सगळ्या कड्या आणि गाठी पुन्हा हाताने चाचपायच्या. बहुतेक वेळा उतरते.

खालचा माणूस

इथे असहमत. बोट दाखवता आलं नाही तरी उतरावं. कान आधी ऐकतात, डोकं मागून येतं. आमच्यातल्या एकाला एकदा नुसतं "बरं वाटत नाही" म्हणून उतरताना पाहिलंय. खाली येऊन अर्ध्या तासाने त्याला आठवलं, पाय टेकवला की फांदी थोड्या उशिराने परत येत होती. वर असताना त्याला ते शब्दांत सांगता आलं नसतं.

जुना दोर

दोघांचंही खरं आहे. नवख्या माणसाने खालच्याचं ऐकावं. दीड वर्षात भीतीला बोट दाखवायला पुरेशी झाडंच झालेली नसतात. आणि खारुताई, ४ मीटरवर वाटते ते योग्यच आहे. ९ मीटरवरून जमिनीपर्यंत दीड सेकंदसुद्धा लागत नाही आणि वेग ताशी ४८ किलोमीटरच्या आसपास जातो. ४ मीटरवरून ताशी ३२. त्या वेगाने जमिनीला भिडणाऱ्याला पाच मीटर कमी होते याचं समाधान मिळत नाही.

दोन गोष्टींत मात्र भीतीला काही विचारतच बसू नये. एक वीजतार. प्रशिक्षण नसलेल्या माणसाने तारेपासून किमान ३ मीटर दूर राहायचं असा अमेरिकी नियम आहे, ५० किलोव्होल्टपर्यंतच्या तारांसाठी. त्याहून जास्त दाब असेल तर अंतर आणखी वाढतं. आणि हे अंतर फक्त तुमचं नाही. हातातली करवत, लोंबणारा दोर, पडणारी फांदी, सगळ्यांचं. तार बंद करून घेतल्याशिवाय तिथे चढायचा विषयच नाही. दुसरा वारा. वेग दुप्पट झाला की खोडावरचा रेटा चौपट होतो, त्यामुळे "थोडासा वाढलाय" हा शब्दप्रयोग वाऱ्याला लागू होत नाही.

स्पष्टवक्ता

मान्य. माझं पहिलं वाक्य मागे घेतो, काम झालं म्हणून होण्यासारखं होतं असं नाही. पण मालकाची बाजू कुणीच मांडत नाहीये. त्याच्या डोक्यावर वठलेलं खोड तसंच लटकलेलं. हा माणूस म्हणतो होणार नाही आणि निघून जातो. त्याने काय करायचं?

ढोली

हा प्रश्न या धाग्यातला सगळ्यात कामाचा आहे.

माघार म्हणजे दोर आवरून चालू लागणं नव्हे. वर अर्धा कापलेला तुकडा असेल तर तो तसा सोडून उतरता येत नाही. म्हणूनच पुढचा काप सुरू करण्याआधी विचारायचं, हा पुरा करून मगच थांबायला लागलं तर चालेल का? कापून अडकलेल्या फांद्या कुठे आहेत ते मालकाला बोट दाखवून सांगायचं. झाडाच्या उंचीच्या दुप्पट घेर मोकळा ठेवायला सांगायचं, तेवढी जागा नसेल तर निदान खोड ज्या बाजूला झुकलंय तिकडच्या खोल्या आणि वाट. वारा नाही म्हणून खाली बसू नका हेही सांगायचं, मोठ्या फांद्या कडक उन्हाच्या शांत दुपारीसुद्धा अचानक सुटून पडतात. जे पाहिलं त्याचे फोटो द्यायचे. आणि दुसरा रस्ता सांगायचा. लिफ्ट, क्रेन, शेजारच्या भक्कम झाडाला स्वतःचा दोर बांधून काम, किंवा जागा असेल तर जमिनीवरूनच पाडणं. कधी तर खाली छप्पर, वाट, माणसं काहीच नसतात. तिथे वठलेलं खोड उंची कमी करून किंवा आहे तसंच पक्ष्यांना सोडून देता येतं. चढायचं कारणच संपतं.

शेंडा_ते_बुंधा (धागाकर्ता)

लिफ्टचं सांगितलं होतं. फोटो दिले नाहीत. अळंब्यांबद्दल "आत खराब आहे" एवढंच बोललो. म्हणजे दुसऱ्या माणसाला मालकांकडून काही कळायचा प्रश्नच नव्हता. तो कोरा चढला असणार.

आज त्याच घरावरून जाणं झालं. मालकांनी उरलेलं हिरवं खोडही शेवटी लिफ्ट लावून बेचक्याच्या खालपर्यंत उतरवून घेतलं होतं, ओंडके कुंपणाशी पडलेले. विचारून त्या जागेचा काप पाहिला. व्यास बरोबर ५० सेंटिमीटर. एका बाजूला चांगलं लाकूड ११ सेंटिमीटर. अळंब्यांच्या बाजूला ३, आणि त्यातून वरून खाली एक काळी चीर. मध्ये तपकिरी भुगा, मुठीने निघत होता.

मधोमध उभा राहून बराच वेळ बघत होतो. ११ बघितलं की वाटतं, टिकलं असतं, मी वर थांबायला हवं होतं. ३ बघितलं की घाम येतो. मालक विचारत होते, "मग काय, बरोबर होतात ना तुम्ही?" मला हो म्हणता आलं नाही.

जुना दोर

म्हणू नकोस. चीर जुनी होती की त्या माणसाच्या हिसक्यांनी पडली?

शेंडा_ते_बुंधा (धागाकर्ता)

कडा काळ्या आहेत, म्हणजे बरीचशी जुनी. पण खालचं वीतभर टोक पांढरं स्वच्छ आहे. ते ताजं.

खालचा माणूस

त्या माणसाचा नंबर मिळवा आणि त्याला तो फोटो पाठवा. स्मायली नको.

शेंडा_ते_बुंधा (धागाकर्ता)

पाठवला. दोन निळ्या खुणा आल्यात, उत्तर नाही अजून. मदतनीसालाही दाखवला. तो म्हणतोय, पुढच्या महिन्यापासून मला चढायला शिकवा.

वाचनमात्र

पहिल्यांदाच लिहितेय. माझा नवरा हे काम करतो. तो घरी आला की मी रोज विचारायचे, झालं का काम? काल हा धागा वाचून विचारलं, कधी अर्ध्यातून उतरलायस का? तो म्हणाला, चारदा. मला एकही माहीत नव्हती.

एक_खारुताई

शेंडेदादा, त्या कापाचा फोटो इथेही टाका ना. आणि हातोडी कुठे ठोकली होती तिथे खडूने खूण करून. मला ढब्ब नक्की कुठून सुरू होतं ते बघायचंय.

शेंडा_ते_बुंधा (धागाकर्ता)

उद्या सकाळी जाऊन टाकतो. ओंडका न्यायला गाडी यायच्या आत जायला हवं.